काळा भुंगा की बंबलबी? कोल्हापूर परिसरातील मोठ्या मधमाश्या ओळखण्याची रीत

कोल्हापूर जिल्ह्यात तूर फुलोऱ्यावर आली की बांधावर उभे राहिलेल्या माणसाला सकाळच्या उन्हात एक जाड, घुमणारा आवाज ऐकू येतो. जवळ जाऊन पाहिले तर अंगठ्याच्या पेराएवढा काळाकुळकुळीत कीटक पिवळ्या फुलावर बसलेला असतो, त्याच्या भाराने फूल खाली वाकते, आणि तो उडाला की पंखांवर निळी-जांभळी चमक दिसून जाते. गावात याला भुंगा म्हणतात. शाळा-महाविद्यालयात शिकणारी आणि मोबाइलवर निसर्गाची छायाचित्रे काढणारी मंडळी अलीकडे याला सर्रास ‘बंबलबी’ म्हणू लागली आहेत. नव्याने कीटक पाहू लागलेल्यांनी ही एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, की बंबलबी, म्हणजे बॉम्बस या प्रजातीतील (इंग्रजीत ‘जीनस’) मधमाशी, सह्याद्रीत किंवा दक्षिण भारतात मुळची आढळत नाही. जगात तिच्या सुमारे २६० जाती आहेत. त्यांतील बहुतेक थंड हवेच्या आणि डोंगराळ प्रदेशांत राहतात, आणि भारतातील जाती प्रामुख्याने हिमालयाच्या पट्ट्यात आहेत. रंकाळ्याच्या काठावर, पन्हाळ्याच्या उतारावर किंवा दाजीपूरच्या जंगलात आपल्याला दिसतो तो मोठा काळा भुंगा जवळजवळ नेहमी झायलोकोपा या प्रजातीतील, म्हणजे लाकूड पोखरून घर करणारी, सुतार मधमाशी असतो.

तरीही बंबलबी ओळखण्याची रीत शिकणे इथे व्यर्थ नाही. दोन्हींमधला फरक ज्या खुणांवरून कळतो, त्याच खुणा पुढे कोणत्याही मधमाशीच्या वर्गीकरणात उपयोगी पडतात. म्हणून या लेखात मी ‘ही बंबलबी आहे का?’ हा प्रश्न धरून पायरीपायरीने पुढे जाणार आहे.

आधी शब्दांची उस्तवार

आपल्या भाषेत ‘भुंगा’ हा शब्द फार मोकळेपणाने वापरला जातो. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा हा कठीण पंखांचा भुंगेरा आहे, फुलावर घुमणारा भुंगा ही मधमाशी आहे, आणि काही ठिकाणी गांधीलमाशीलाही भुंगा म्हटलेले मी ऐकले आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे खूप भुंगे आहेत’ या वाक्यावरून काहीच ठरत नाही. वर्गीकरणाच्या मराठी परिभाषेत वरून खाली येताना गण, कुल, प्रजाती आणि जाती असा क्रम असतो. बंबलबी आणि सुतार मधमाशी या दोघी हायमेनॉप्टेरा या गणातील आणि एपिडी या कुलातील आहेत, म्हणजे आपल्या सातेरी आणि आग्या मधमाश्यांच्याच कुलातील. बॉम्बस आणि झायलोकोपा ही दोन्ही प्रजातीनामे फ्रेंच कीटकतज्ज्ञ लात्रेई यांनी १८०२ साली दिली. ग्रीक भाषेत पहिल्याचा अर्थ घुमणारा आवाज असा आहे, तर दुसऱ्याचा लाकूड तोडणारी असा. या दोन अर्थांमुळे नावे लक्षात राहायला सोपी जातात.

पहिली पायरी: ही मधमाशीच आहे ना?

पाठीवर दोन कठीण, एकमेकांना मधोमध भिडणाऱ्या झाकणांसारखे पंख दिसले तर तो भुंगेरा आहे, आणि शोध तिथेच थांबतो. पंखांची एकच जोडी, अगदी आखूड स्पर्शिका (डोक्यावरच्या मिशा) आणि जवळजवळ सगळे डोके व्यापणारे डोळे दिसले तर ती मधमाशीचे रूप घेतलेली माशी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अशा नकला करणाऱ्या माश्या फुलांवर पुष्कळ येतात. अंगावर लव फारशी नाही, कंबर बारीक आहे आणि अंगाला तांबूस-पिवळे पट्टे आहेत, तर ती गांधीलमाशी समजावी. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, पण मागचा पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकलेला असल्यामुळे बसलेल्या माशीला एकच जोडी आहे असा भास होतो. त्यामुळे केवळ पंख मोजून निर्णय घेऊ नये. स्पर्शिका, डोळे आणि अंगावरची लव एकत्र पाहावी.

दुसरी पायरी: पोटाची पाठ पाहा

संपूर्ण ओळखीतील सर्वांत कामाची आणि सर्वांत सोपी खूण हीच आहे. कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. बंबलबीच्या वक्षावर आणि उदरावर, दोन्हीकडे, लोकरीसारखी दाट लव असते. तिच्या अंगावर दिसणारे काळे, पिवळे, पांढरे, तांबडे पट्टे हे त्या लवेचेच रंग असतात. सुतार मधमाशीच्या वक्षावर लव असते, पण बहुतेक जातींच्या मादीच्या उदराची वरची बाजू गुळगुळीत, काळी आणि तेल लावल्यासारखी चमकदार असते. केस असतात ते कडांना आणि शेवटाकडे. उन्हात उभे राहून पाहिले तर या पाठीवर आकाशाचा उजेड परावर्तित झालेला स्पष्ट दिसतो. लोकरीवर असा उजेड कधीच चमकत नाही.

मात्र ही खूण मादीची आहे. काही जातींच्या नरांच्या अंगभर पिवळसर लव असते आणि तेच नवशिक्याला सर्वांत जास्त फसवतात. त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे.

तिसरी पायरी: मागचा पाय

इथे थोडा वेळ घालवावा, कारण खरा पुरावा इथेच आहे. बंबलबीच्या राणीच्या आणि कामकरी माशीच्या मागच्या पायाची नडगी बाहेरच्या बाजूने रुंद, सपाट आणि चकचकीत असते. तिच्या दोन्ही कडांना लांब, आत वळलेल्या केसांची झालर असते आणि मधोमध जागा रिकामी असते. या रचनेला परागटोपली म्हणतात. माशी पराग थोड्या मकरंदात कालवून इथे दाबून बसवते, म्हणून तो घट्ट, ओलसर, चमकणाऱ्या गोळीसारखा दिसतो. सातेरी, आग्या आणि पोयाच्या माश्यांच्या पायांवरही अशीच परागटोपली असते. मोहरीच्या शेतात सातेरीच्या पायाला चिकटलेली पिवळी गोळी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

सुतार मधमाशीला परागटोपली नसते. तिच्या मागच्या पायावर सगळीकडून उभ्या, दाट केसांचा ब्रश असतो, आणि पराग त्या केसांत कोरडा, सैल भुकटीसारखा अडकतो. पायावर ‘गोळी’ आहे की ‘पिठाने माखलेला ब्रश’ आहे, हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी प्रजातीचा निम्मा निकाल लागतो. रुईच्या झुडपावर पाहत असाल तर आणखी एक बारकावा सांभाळावा: रुईचे पराग सुटे नसून छोट्या पिवळ्या पुंजक्यांच्या जोड्यांच्या रूपात असतात आणि ते माशीच्या पायांना अडकून राहतात. त्यांना पायावरची गोळी समजू नये.

चौथी पायरी: पंख

बंबलबीचे पंख बहुधा पारदर्शक किंवा किंचित धुरकट असतात. सुतार मधमाशीच्या आपल्याकडील अनेक जातींचे पंख गडद तपकिरी किंवा काळे असून त्यांवर निळी, हिरवी, जांभळी धातूसारखी चमक असते. ही चमक उन्हाच्या कोनाप्रमाणे बदलते, म्हणून ‘निळे पंख’ आणि ‘जांभळे पंख’ अशा दोन जाती मनाने करू नयेत. सावलीत हेच पंख नुसते काळे दिसतात.

पाचवी पायरी: नर की मादी?

हा प्रश्न नवखे लोक विचारतच नाहीत, आणि त्यामुळे चुका होतात. माझ्या आजोळी, भुदरगड तालुक्यातील एका गावात, गोठ्याच्या जुन्या वाशाला एक गोल भोक होते. एका बाजूला वाशाभोवती काळी, पिवळ्या वक्षाची माशी ये-जा करत असे, आणि तिथेच हवेत एका जागी तरंगत राहणारी, अंगभर शेवंतीच्या पिवळ्या रंगाची दुसरी माशी दिसे. मी दोन वर्षे वहीत त्यांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद करत होतो. शेवटी एका उन्हाळ्यात पिवळी माशी मरून पडलेली सापडली, तिच्या स्पर्शिकेचे खंड भिंगाखाली मोजले, ते तेरा भरले, आणि तो नर असल्याचे कळले. मधमाश्यांमध्ये मादीच्या स्पर्शिकेला बारा आणि नराच्या स्पर्शिकेला तेरा खंड असतात. उदराचे वरून दिसणारे खंड मादीत सहा आणि नरात सात असतात. आपल्याकडील झायलोकोपा प्युबेसेन्स आणि झायलोकोपा एस्ट्युअन्स या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींत मादी काळी व पिवळ्या वक्षाची, आणि नर जवळजवळ संपूर्ण पिवळसर असतो. ‘कोल्हापुरात सोनेरी बंबलबी दिसली’ अशा उत्साहाने कुणी छायाचित्र दाखवले, तर मी आधी हाच नर डोळ्यांसमोर आणतो.

नर आपल्या जागेची राखण करण्यासाठी अगदी तोंडासमोर येऊन घुमतो. मुले घाबरतात, मोठी माणसे झाडू उचलतात. नराला नांगी नसतेच, त्यामुळे तो डसू शकत नाही. मादी डसू शकते, पण हातात पकडल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय ती सहसा वाटेला जात नाही.

सहावी पायरी: घर कुठे आहे?

माशी स्वतः हाती लागली नाही तरी तिचे घर पुष्कळ काही सांगते. बंबलबी जमिनीतील उंदरांच्या सोडलेल्या बिळांत, गवताच्या ढिगात वगैरे घर करते. त्यात मेणाच्या ओबडधोबड कुप्या असतात आणि एक राणी व तिच्या कामकरी मुली एकत्र राहतात. सुतार मधमाशी मेण करत नाही. ती वाळलेल्या फांदीत, जुन्या वाशात, बांबूत किंवा मांडवाच्या खांबात करंगळी जाईल एवढे नेटके गोल भोक पाडते, थोडे आत गेल्यावर लाकडाच्या रेषेने वळते आणि लांब बोगदा कोरते. खाली जमिनीवर बारीक भुसा पडलेला दिसतो. हे लाकूड ती खात नाही, फक्त कोरते. बोगद्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालायचे, चावलेल्या लाकडाच्या भुशाने पडदा घालायचा आणि पुढची खोली सुरू करायची, असा तिचा संसार असतो.

वाशाला भोक दिसले की त्यात रॉकेल ओतण्याची किंवा सिमेंट भरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडावी, अशी मनापासून विनंती आहे. रंग किंवा वार्निश दिलेले लाकूड ती टाळते, म्हणून घराचे लाकूड रंगवावे आणि परड्याच्या कोपऱ्यात चार-दोन वाळलेले बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवावेत. तुरीच्या, तागाच्या आणि कृष्णकमळाच्या फुलांना हीच माशी लागते. फुलाची पाकळी दाबून आतले पुंकेसर बाहेर काढण्याइतके वजन सातेरीला नसते. वांग्याच्या आणि तरवडाच्या फुलांत तर पराग पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या छिद्रांतून झाडून घ्यावे लागतात. त्यासाठी सुतार मधमाशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, आणि तो आवाज उडण्याच्या आवाजापेक्षा वेगळा, तीव्र आणि तुटक असतो. एकदा कान सरावला की डोळे मिटूनही माशी काय करते आहे ते कळते. बंबलबी हेच करते, आपल्याकडील निळ्या पट्ट्यांची अमेजिला मधमाशीही करते, पण सातेरीला ते जमत नाही.

अमेजिलाचा उल्लेख आलाच आहे तर तिचीही गाठ सोडवून घेऊ, कारण बंबलबी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या छायाचित्रांत ती बरीच असते. ती सातेरीपेक्षा थोडी मोठी, गोलसर, वक्षावर तपकिरी-पिवळी लव असलेली असते आणि काळ्या उदरावर निळसर चमकदार पट्टे असतात. ती एका फुलावर क्षणभरच थांबते आणि झटक्याने दुसरीकडे जाते. तिच्याही पायावर परागटोपली नसते, केसांचा ब्रश असतो, आणि ती मातीत घर करते.

सातवी पायरी: प्रजातीवरून जातीकडे

इथपर्यंत आलात की ‘झायलोकोपा’ हे नाव खात्रीने लिहिता येते. पुढे जाताना मात्र पाऊल जपून टाकावे. सह्याद्रीत आणि आसपास झायलोकोपाच्या अनेक जाती आहेत, आणि संपूर्ण काळ्या, चमकदार पंखांच्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर डोक्याचा आकार, चेहऱ्यावरील उंचवटे, पायांवरील केसांची ठेवण आणि उदराची रचना भिंगाखाली पाहावी लागते. आकाराची नोंद मात्र प्रत्येकाला करता येते. २०११ साली आलेल्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे. माशी त्याहून लहान, बरोबरीची की स्पष्ट मोठी, एवढे लिहिले तरी तज्ज्ञाला आधार मिळतो. झायलोकोपा लॅटिपिस आणि झायलोकोपा टेन्युइस्कापा यांसारख्या मोठ्या जातींत नराचे पुढचे पाय रुंद आणि झालरीसारख्या केसांचे असतात. लॅटिपिस या नावाचा अर्थच रुंद पायाची असा आहे. काही जातींच्या मादीच्या उदराच्या पुढच्या भागात एक छोटी खोबण असते आणि तिच्यात विशिष्ट कोळीवर्गीय किडे बिऱ्हाड करून राहतात. माशी मेलेली सापडली तर ही खोबण जरूर शोधावी.

कोणत्या वेळी दिसली, हीदेखील जातीची खूण ठरू शकते. भीमाशंकरच्या जंगलात झालेल्या अभ्यासात एकाच परिसरातील तीन जातींची वेळ वेगळी आढळली: झायलोकोपा ल्यूकोथोरॅक्स दिवसा उडणारी, टेन्युइस्कापा बहुतांशी दिवसा पण कधी कधी संधिप्रकाशातही फिरणारी, आणि झायलोकोपा ट्रांक्वेबारिका खऱ्या अर्थाने निशाचर, अमावास्येच्या अंधारातही फुले शोधणारी. राधानगरीकडे मुक्कामाला गेल्यावर रात्री फुललेल्या झाडाखाली घुमणारा आवाज आला, तर तो भास समजून सोडून देऊ नये. वेळ आणि झाड लिहून ठेवावे.

पुरावा जिथे संपतो तिथे नाव थांबवावे, हा माझा आग्रह आहे. ‘झायलोकोपा, जात अनिश्चित’ ही नोंद कमी प्रतीची नाही. चुकीच्या जातीचे नाव लिहिलेली नोंद पुढे शेकडो लोक खरी मानून चालतात आणि मग तिचा माग काढून ती दुरुस्त करणे अवघड होऊन बसते.

छायाचित्र आणि नोंद

एकच सुंदर छायाचित्र घेऊन समाधान मानू नये. वरून उदराची पाठ, बाजूने मागचा पाय, समोरून चेहरा आणि शक्य झाल्यास पंख पसरलेले असताना एक, अशी किमान चार छायाचित्रे हवीत. सकाळी लवकर, ऊन तापण्यापूर्वी, माशी सुस्त असते आणि फुलावर जास्त वेळ बसते. तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका, कारण सावली हलली की ती उडते. मोबाइल असेल तर फार जवळ जाण्याऐवजी थोड्या अंतरावरून दहा-बारा छायाचित्रे सलग घ्यावीत आणि नंतर निवडावीत. फुलाचेही छायाचित्र वेगळे घ्यावे.

माशी पकडण्याची घाई करू नये. राधानगरी अभयारण्यात आणि इतर संरक्षित क्षेत्रांत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही कीटक गोळा करणे नियमाविरुद्ध आहे. दिव्याखाली, खिडकीत किंवा रस्त्याच्या कडेला मेलेली माशी मात्र पुष्कळदा सापडते. घराजवळ अशी सापडली तर कागदाच्या पुडीत, तारीख आणि ठिकाण लिहून, कोरड्या जागी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलाव्याने बुरशी येते. छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात, आणि गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागामार्फत पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करणे योग्य ठरते.

हिमालयात गेलात तर

हिमाचल किंवा उत्तराखंडच्या सहलीत खरी बंबलबी भेटेल. तिथे या पायऱ्यांनी बॉम्बस ही प्रजाती पटकन ठरते, पण जात ठरवताना रंगांवर विसंबू नये. एकाच प्रदेशातील वेगवेगळ्या जाती एकमेकींसारखे रंग धारण करतात, आणि एकाच जातीतील राणी, कामकरी व नर यांचे रंग कधी कधी वेगळे असतात. म्हणून वक्षावरील प्रत्येक पट्ट्याचा रंग, शेपटीकडील केसांचा रंग आणि डोळ्याच्या खालच्या कडेपासून जबड्यापर्यंतचे अंतर, म्हणजे गालाची लांबी, स्वतंत्रपणे नोंदवावी. लांब गालाच्या जातींची जीभ लांब असते आणि त्या खोल नळीच्या फुलांवर जातात, त्यामुळे फुलाचे नावही इथे पुरावा बनते.

शेवटी माझ्या वहीतील एक नोंद जशीच्या तशी देतो, म्हणजे मांडणी लक्षात येईल.

‘कळंबा तलावाजवळचा बांध, सकाळी साडेआठ, ऊन स्वच्छ, वारा नाही. तुरीचे फूल. एक मादी, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा स्पष्ट मोठी. वक्ष व उदर काळे, उदराची पाठ चमकदार, कडांना काळे केस. पंख गडद, उन्हात निळे-हिरवे. मागच्या पायावर केसांचा ब्रश, त्यात पिवळा कोरडा पराग, गोळी नाही. सहा मिनिटांत एकोणीस फुले. चेहऱ्याचे छायाचित्र मिळाले नाही. झायलोकोपा, मादी, जात अनिश्चित. उद्या याच वेळी पुन्हा यायचे.’